तळावलीची सांत आनाची इगर्ज : एक परीक्षण

गोमंतकांतील खेडोपाडीं उभ्या असलेल्या पांढऱ्या इगर्जींविषयीं आपल्याकडे दोन मतें प्रचलित आहेत. पहिलें मत असें कीं, ह्या इमारती पोर्तुगीजांनीं बांधल्या, त्यांचा घाट युरोपांतून आला आणि एतद्देशीयांचा त्यांच्याशीं मजुरीपलीकडे संबंध नाहीं. दुसरें मत ह्याच्या उलट टोंकास जाऊन म्हणतें कीं, वरून ख्रिस्ती दिसणाऱ्या ह्या वास्तूंच्या अंगीं मुळांत हिंदु देवालयाचेंच शिल्प आहे. पहिलें मत प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत आढळतें, दुसरें स्वदेशाभिमानानें लिहिलेल्या लेखांत. एखादी विशिष्ट इमारत पुढें ठेवून तिच्या भिंती, तिचा काळ आणि तिचा खर्च ह्यांच्या कसोटीस हीं मतें लावण्याचा खटाटोप मात्र आपल्या भाषेंत फारसा झालेला नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तो तिसवाडींतील तळावली गांवच्या सांत आनाच्या इगर्जीपुरता करणार आहों.

हीच इमारत निवडण्यास कारण आहे. जुन्या गोव्यांतील इगर्जी व मठ १९८६ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेले. त्यांच्याविषयीं ग्रंथ झाले आणि प्रवाशांची रीघ लागली. तळावलीची इगर्ज त्या यादींत नाहीं. ती राजधानीची नव्हे, कोणा विजरईची नव्हे, कोणा युरोपीय संन्यासी संघाची नव्हे. ती एका फिर्गजेची, म्हणजे विगाराच्या अधिकारांतील एका ग्रामीण मंडळाची इगर्ज आहे. तरीही गोमंतकीय वास्तुकलेचा विचार करणाऱ्या अभ्यासकांनीं तिला अग्रस्थान दिलें आहे. राजधानीबाहेरच्या गांवांत एवढी मोठी वास्तु कां उभी राहिली, हा प्रश्न सोडविल्यावांचून कर्तृत्वाचा प्रश्न सुटणार नाहीं.

प्रथम ठाऊक असलेली हकीकत सांगतों. तळावली हें गांव जुन्या गोव्याच्या दक्षिणेस, थोरल्या गोव्याजवळ आहे. हें थोरलें गोवें म्हणजे कदंबांचें गोपकपट्टण; अर्थात् पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीं कित्येक शतकें हा प्रदेश नांदता व संपन्न होता. तळावलीस सांत आनाच्या नांवाचें प्रार्थनास्थान सोळाव्या शतकांतच झालें होतें. सध्यां दिसणाऱ्या इमारतीचा पाया विगार फ्रान्सिस्को दो रेगो ह्यांनीं आपल्या कारकीर्दींत, म्हणजे १६८१ ते १६८९ च्या दरम्यान घातला, व त्यांच्या मागून आलेल्या विगारानें १६९५ त काम शेवटास नेलें. रेगो हे एतद्देशीय धर्मगुरु होते. कर्तृत्वाच्या वादांत ही एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून मार्गदर्शक पुस्तकांतून बहुधा तीच गाळलेली असते.

आतां इमारत पाहूं. दर्शनी भागाच्या दोन्ही अंगांस दोन मनोरे आहेत. हे मनोरे आणि मधली भिंत आडव्या पट्ट्यांनीं मजल्या-मजल्यांत विभागलेलीं असून खिडक्या व अर्धस्तंभ ह्यांची रांग एकावर एक चढत जाते. आंत गेल्यावर लांबट दालन लागतें. त्याचें छत गोमंतकांतील पुष्कळ ग्रामीण इगर्जींप्रमाणें लांकडी वाशांचें व कौलांचें नाहीं, तर कमानीसारखें वळविलेलें चुनेगच्ची आहे. दालनाच्या भिंतींत खोल कोनाडे असून त्यांचे माथे शिंपल्याच्या आकाराचे आहेत. वरच्या अंगास दालनांत उघडणारी सज्जाची ओळ आहे. भिंतींची जाडी एवढी कीं, त्यांच्या पोटांतून वाट काढलेली आहे. सर्वत्र पांढरा चुना; प्रकाश त्या चुन्यावर पडून कोनाड्यांच्या पन्हळींत सांवल्या धरतो. जांभा दगडांत बारीक कोरीव काम टिकत नाहीं, म्हणून ह्या इमारतीचा सर्व अलंकार गिलाव्यांत घडविलेला आहे. कर्तृत्वाचा विचार करतांना हें ध्यानांत ठेवावें. येथें छिन्नीपेक्षां थापीनें अधिक काम केलें आहे, आणि थापी गोमंतकीय गवंड्याच्या हातीं होती.

पहिल्या मताची तपासणी करतांना त्यांतील सत्यांश प्रथम मान्य केला पाहिजे. दोन उंच मनोऱ्यांच्या मध्यें मजल्यांनीं चढणारा दर्शनी भाग ही कल्पना तळावलीस शून्यांतून निघालेली नाहीं. जुन्या गोव्यांत आगुस्तिन संघाच्या साधूंची ‘ग्रासा’ नांवाची भव्य इगर्ज होती. ती १६०२ त पुरी झाली. तिला असाच मजल्यांचा दर्शनी भाग होता व तिचे मनोरे सुमारें ४६ मीटर उंच होते. तळावलीच्या रचनाकारानें ही इगर्ज डोळ्यांपुढें ठेवली होती, ह्याविषयीं अभ्यासकांचें सामान्यतः एकमत आहे व तें आम्हांस ग्राह्य वाटतें. पोर्तुगीज राज्यांतील संन्यासी संघ बंद झाल्यावर १८३५ त ग्रासाचा मठ ओस पडला, १८४२ त इगर्जीचें छत कोसळलें, १९३१ त दर्शनी भाग व एका मनोऱ्याचा अर्धा भाग गेला, आणि १९३८ त आणखी पडझड झाली. आज तेथें अर्ध्या मनोऱ्याचा सुळका तेवढा उभा आहे. म्हणून ग्रासाची मूळ आकृति मनांत आणावयाची असेल, तर संशोधकानें तळावलीस जावें. राजधानींतील मूळ ग्रंथ नष्ट झाला आणि खेड्यांत केलेली त्याची स्वतंत्र वाचना शिल्लक राहिली, असा हा प्रकार आहे. पोथ्यांच्या पाठचिकित्सेची संवय असलेल्या वाचकांस हें नवें वाटणार नाहीं.

परंतु वाचना म्हणजे नक्कल नव्हे. मूळ पुढें ठेवून काय घ्यावें, काय टाकावें व कशावर भर द्यावा, हें वाचना करणाराच ठरवितो. ग्रासाची इगर्ज एका धनाढ्य युरोपीय संघानें राजधानींत बांधली. तळावलीची एका एतद्देशीय विगारानें खेड्यांत, सुमारें पाऊण शतकानंतर बांधली. दरम्यानच्या काळांत राजधानी खालावत चालली होती. राजधानीचा शिरोभूषण असलेला घाट अशा वेळीं खेड्यानें उचलावा, ह्याचा अर्थ ‘घाट युरोपांतून आला’ एवढें म्हटल्यानें लागत नाहीं. त्यासाठीं त्या वर्षांकडे पाहिलें पाहिजे.

१६८१ ते १६९५ ह्या चौदा वर्षांत गोव्यांत काय घडलें, हें मराठी इतिहासाच्या अभ्यासकांस अंशतः परिचित आहे. नोव्हेंबर १६८३ त छत्रपति संभाजीमहाराजांनीं तिसवाडींतीलच जुवें बेट घेतलें. त्यांच्या फौजा साष्टी व बारदेशांत शिरल्या. विजरई कोंदि द आल्व्होर ह्यानें निराश होऊन आपला राजदंड सांत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशीं ठेवला, ही कथा प्रसिद्धच आहे. जानेवारी १६८४ त मोंगलांच्या फौजा चालून आल्यामुळें मराठ्यांस परतावें लागलें व शहर वांचलें. पुढें त्याच विजरईनें राजधानी मुरगांवास हलविण्याचा घाट घातला, आणि २७ जून १६८४ च्या हुकुमानें एतद्देशीय लोकांनीं तीन वर्षांच्या आंत स्वभाषा सोडून पोर्तुगीज भाषा बोलावी, असें फर्माविलें. ह्याच सुमारास, १६८२ पासून, एतद्देशीय धर्मगुरूंनीं जुन्या गोव्यांतील सांता क्रुज दोस मिलाग्रेस येथें स्वतःचा ओरातोरियन संघ उभारण्यास आरंभ केला. १६८५ त जोझे व्हाझ त्यांस येऊन मिळाले. युरोपीय संघांचीं दारें ह्या लोकांस बहुतेक बंद होतीं, म्हणून त्यांनीं आपलें घर वेगळें बांधलें.

हीं सर्व सूत्रें एकत्र पाहिलीं म्हणजे तळावलीच्या इगर्जीचा अर्थ उलगडूं लागतो. राज्यकर्ता राजधानी सोडण्याच्या विचारांत आहे, एतद्देशीयाची जीभ कापण्याचे हुकूम काढीत आहे. आणि त्याच वर्षांत एक एतद्देशीय विगार राजधानींतील सर्वांत भारदस्त इगर्जीशीं तुलना होईल अशी वास्तु आपल्या खेड्यांत उभी करीत आहे. हें बंड नव्हे. रेगो हे निष्ठावंत ख्रिस्ती धर्माधिकारी होते, आणि त्यांच्यावर आजच्या राष्ट्रभावनेचा आरोप करणें अनैतिहासिक होईल. परंतु ही ताबेदारी दाखविणाऱ्याची कृतिही नव्हे. ज्या धर्माचीं मोठीं पदें आपणांस नाकारलीं जातात, त्या धर्मांत आपली योग्यता दगडचुन्यानें सिद्ध करणाऱ्याची ही कृति आहे, असें आमचें मत आहे.

खर्चाचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. गोमंतकांतील गांवांचें स्वामित्व गांवकरी संस्थेकडे होतें. तिचे रिवाज पोर्तुगीजांनीं १५२६ च्या फोरालांत नमूद करून घेतले. ग्रामीण इगर्जींचा बांधकाम-दुरुस्तीचा व उत्सवाचा भार प्रायः ह्याच गांवकऱ्यांनीं व इगर्जीच्या कोंफ्रारियांनीं वाहिला. एवढ्यावरून ‘इगर्जी आमच्याच पैशानें झाल्या’ असें म्हणून थांबणारे लेखक आहेत. पण ते अर्धेंच सांगतात. १५४० च्या सुमारास तिसवाडींतील देवळें पाडण्यांत आलीं, आणि १५४१ त तेथील गांवकऱ्यांकडून देवळांच्या जमिनींचें, म्हणजे नमशीचें, उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्यास लावून घेण्यांत आलें. त्या संमतीस ‘स्वेच्छा’ म्हणणें म्हणजे शब्दाचा विटाळ होय. ह्या अन्यायाचा उच्चार न करतां तिसवाडींतील कोणत्याही इगर्जीचा इतिहास लिहितां येणार नाहीं. तसेंच त्या अन्यायानंतर चार-पांच पिढ्यांनीं जन्मलेल्या ख्रिस्ती गांवकऱ्यांनीं आपल्या श्रद्धेनें जें बांधलें, तें केवळ लुटीचें फळ म्हणून बाजूस सारणें, हाही अन्यायच होईल. इतिहासकारानें दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहाव्यात.

आतां दुसरें मत. ह्यास शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न जोझे परेरा ह्या गोमंतकीय विद्वानानें केला. ते स्वतः संस्कृतज्ञ होते, आणि त्यांच्या ‘बरोक गोवा’ (१९९५) ह्या ग्रंथानें ह्या विषयाची प्रतिष्ठा वाढविली, ह्यांत शंका नाहीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, गोमंतकीय बरोक वास्तुकला ही युरोपीय कलेची वसाहतींतील शाखा नसून भारतीय वास्तुकलेच्या दीर्घ परंपरेंतीलच एक अवस्था आहे. परेरा ह्यांनीं हें विधान मोठ्या व्यासंगानें मांडलें. तें तसेंच उचलून ‘इगर्ज म्हणजे रूपांतरित देऊळ’ इतकें सोपें करणें मात्र धोक्याचें आहे. त्यासाठीं दोन प्रमाणें सहज पुढें केलीं जातात : मजल्यांची चढण व शिंपला. दोहोंचीही परीक्षा करूं.

प्रासादाच्या मजल्यास शिल्पग्रंथांत ‘भूमि’ म्हणतात, आणि अनेकभूम प्रासादांचें वर्णन त्यांत विपुल आहे. म्हणून तळावलीचा दर्शनी भाग म्हणजे अनेकभूम प्रासाद, असें अनुमान करण्याचा मोह होतो. पण शिखरांतील भूमि क्रमानें लहान होत जाऊन एका बिंदूकडे झुकतात. नागर शिखरांत त्या कोपऱ्यांतील आमलकांनीं दाखविल्या जातात, आणि द्राविड विमानांत लहान कूट व शाला ह्यांच्या ओळींनीं. आपल्याकडील अंबरनाथचें शके ९८२ (इ. स. १०६०) चें शिवालय पाहिलें असतां भूमीची कल्पना डोळ्यांपुढें स्पष्ट उभी राहते. तळावलीचे मजले असे झुकत नाहींत. ते सरळ भिंतीवर आडव्या पट्ट्यांनीं पाडलेले भाग आहेत आणि त्यांचें प्रमाण युरोपीय स्तंभक्रमावरून ठरलें आहे. शिवाय शिखर गर्भगृहावर असतें. येथील उंची प्रवेशद्वारावर आहे. शब्द एक म्हणून अर्थ एक, हा न्याय व्याकरणांतही चालत नाहीं. वास्तुशास्त्रांत तर मुळींच नाहीं.

शिंपल्याची गोष्ट ह्याहून सोपी आहे. कोनाड्याच्या माथ्यावर दिसणारी आकृति पंख्याप्रमाणें पसरलेल्या पन्हळींची आहे. ती विष्णूच्या हातांतील वेटोळ्याचा शंख नव्हे. अशा शिंपल्याचे कोनाडे प्राचीन रोमन इमारतींत आहेत व युरोपांतील पुनरुज्जीवनाच्या काळांत ते सर्वत्र पसरले. समुद्रकांठच्या गोमंतकीय कारागिरास तो आकार जवळचा वाटला असेल, त्यानें तो हौसेनें वारंवार योजिला असेल. पण त्याची वंशावळ शंखाशीं जुळवितां येत नाहीं.

उलटपक्षीं, देणें-घेणें झालें तें पुष्कळदां दुसऱ्या दिशेनें. फोंडे महाल १७६३ पर्यंत पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता, आणि तिसवाडी-साष्टींतून हलविलेले देव तेथें आश्रयास आले होते. कवळें येथील श्रीशांतादुर्गेचें विद्यमान देऊळ शाहूमहाराजांच्या अमदानींत, त्यांचे मंत्री नारोराम ह्यांच्या आश्रयानें १७३८ च्या सुमारास झालें. त्याचे घुमट, अर्धस्तंभ व कमानदार खिडक्या पाहिल्या म्हणजे इगर्जी बांधून तयार झालेला हातच तेथें राबला असावा, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. ज्या धर्मानें देवीस घर सोडावयास लाविलें, त्याच धर्माच्या वास्तूंतील अलंकार तिच्या नव्या घरीं आले, आणि भक्तांस त्यांत कांहीं विटाळ वाटला नाहीं. कारागिराची विद्या अशीच सीमा ओलांडते.

तिसरें मत पावलो व्हारेला गोमेस ह्या पोर्तुगीज अभ्यासकानें ‘व्हाइटवॉश, रेड स्टोन’ (२०११) ह्या ग्रंथांत मांडलें आहे. ‘इंडो-पोर्तुगीज’ हा जोडशब्दच त्यांस मान्य नाहीं. हीं अर्धी युरोपीय व अर्धी भारतीय अशीं मिश्रणें नसून गोमंतकीय कॅथलिक समाजानें स्वतःच्या गरजेनें व निवडीनें घडविलेली ही स्वतंत्र वास्तुकला आहे, असें ते म्हणतात. वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानांत येईलच कीं, आमचा कल ह्या मताकडे आहे. तथापि ‘गोमंतकीय’ हाही शब्द सावधपणें वापरला पाहिजे. आंतोनियो जुआंव द फ्रियश ह्या एतद्देशीय धर्मगुरूनें १७०२ त लिस्बन येथें ग्रंथ छापून ब्राह्मणांचें श्रेष्ठत्व स्थापिलें. दिवाडीच्या पिएदादे इगर्जीच्या पुनर्रचनेचें श्रेय त्यांच्याकडेच देतात. १७१३ त लेओनार्दो पायस ह्यांनीं चार्दो जातीची बाजू घेऊन त्यास उत्तर दिलें. म्हणजे इगर्जी बांधणारा वर्ग आपसांत जातीच्या श्रेष्ठत्वावर भांडत होता. ‘गोमंतकीयांनीं बांधली’ असें म्हटलें कीं, आराखडा आंखणारा ब्राह्मण विगार, मान घेणारा गांवकरी आणि जांभ्याचे चिरे डोक्यावर वाहणारा मजूर हे तिघे एका शब्दाखालीं झांकले जातात. इमारतीवर तिघांचाही हक्क आहे, पण तो सारखा नव्हता. गोमेस ह्यांच्या ‘निवडी’च्या सिद्धांतास आमची एवढीच पुरवणी आहे : निवड थोड्यांनीं केली, श्रम पुष्कळांनीं केले.

तरीही ह्या पुष्कळांनीं इगर्ज आपलीशी केली, हें नाकारतां येत नाहीं. काठी हातीं घेतलेली एक वृद्धा टेकडी उतरून आली व हें आपलें घर म्हणाली, अशी सांत आनाची आख्यायिका तेथें सांगतात. मेरीची आई, म्हणजे येशूची आजी, येथें गांवच्या आजीच्या वेषांत आली. जुलैच्या अखेरीस, ऐन पावसांत, तिचें फेस्त भरतें. तेव्हां संतति मागणारीं जोडपीं तिला तवसें अर्पण करतात, म्हणून त्यास तवशांचें फेस्त म्हणतात. तवसें हा शब्द कोंकणांतील मराठी वाचकास सांगावा लागणार नाहीं. ह्या नवसावरून इमारतीचें शिल्प हिंदु ठरत नाहीं. परंतु ती कोणाची आहे, हें मात्र ठरतें.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूस इगर्जीचा बाहेरील गिलावा १९५० च्या दशकांत, पोर्तुगीज अमदानींतच, जुनेपणा उघड दिसावा म्हणून काढून टाकण्यांत आला. आज ती तांबडी, उघडी भिंत पाहून प्रवासी संतोष पावतात. पण जांभा सच्छिद्र असतो, पावसाचें पाणी पितो व झिजतो. बांधणाऱ्यांनीं तो उघडा ठेवण्यासाठीं वापरलाच नव्हता. तळावलीसारख्या वास्तूंत तर गिलावा हाच अलंकार आहे. तो काढणें म्हणजे ताम्रपटावरील अक्षरें खरवडून तांबें पाहणें होय. सिमेंटाचा लेप देणेंही तितकेंच घातक, कारण त्याखालीं ओल कोंडून दगड आंतून कुजतो. चुन्याचें काम चुन्यानेंच दुरुस्त झालें पाहिजे.

मराठी संशोधकांनीं बखरी, ताम्रपट व देवळांतील शिलालेख जिवापाड जमविले. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनीं पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास उजेडांत आणला. फादर स्टीफन्सचें १६१६ त छापलेलें क्रिस्तपुराण आपण मराठी वाङ्मयांत मानानें घेतलें. मग ज्या समाजानें तें पुराण ऐकलें, त्याच समाजानें बांधलेल्या इगर्जी आपल्या अभ्यासाबाहेर कां असाव्यात ? गांवकरीच्या व कोंफ्रारियांच्या हिशेबाच्या वह्या वाचणें, भिंतींचीं मापें घेणें, गिलाव्याचे थर तपासणें, हीं कामें तरुण अभ्यासकांचीं आहेत. इमारत हाही एक कागदच आहे. मात्र त्याची दुसरी प्रत कोणत्याही दप्तरांत नसते.